दोर धरणारी

घोडा पाडायला दोन माणसं लागतात. एक पाडणारा, एक दोर धरणारा. नाव होतं ते पाडणाऱ्याचं. दोर धरणाऱ्याचे नुसते हात लागतात.

कमलाबाईंचे हात पंचवीस वर्षं लागले. दोन्ही तळव्यांवर आडवा एकेक पांढरा, गुळगुळीत पट्टा आहे, दोर सरकून भाजल्याचा. त्या जागी रेषाच उरलेल्या नाहीत. शेजारणीच्या हट्टापायी एकदा त्या सेरंगून रोडवरच्या ज्योतिष्यापुढे बसल्या, तर तो हात धरून बघतच राहिला. "बाईजी, तुमचं आयुष्य गेलं कुठे?" त्यानं हिंदीत विचारलं. "घोड्याच्या पायात," म्हणून कमलाबाईंनी हात सोडवून घेतला.

१९७८ साली लग्न होऊन त्या देश सोडून इकडे, या बेटावर आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. नवरा गणपत पुण्याच्या तबेल्यात मोतद्दार होता. इथे एका खाजगी ट्रेनरकडे कोरे घोडे माणसाळवायचं काम त्याला मिळालं होतं. तबेल्यामागेच दोन खोल्या. तिसऱ्याच महिन्यात त्याच्या मदतनिसाच्या मांडीचं हाड एका लाथेसरशी मोडलं आणि गणपत दारात येऊन म्हणाला, "कमळे, पदर खोच. दोर धर."

रीत अशी होती. घोड्याच्या पुढच्या डाव्या पायात दोराचा फास. दोर पाठीवरून पलीकडे, उजव्या अंगाला. पलीकडून ओढला की पाय उचलून पोटाशी दुमडतो. मग पाडणारा तीन पायांवर उभ्या घोड्याची मान लगामानं मुरगळतो आणि पाचशे किलोंचं जनावर आधी गुडघ्यावर येतं, मग कुशीवर कोसळतं. पाडणारा मानेवर बसतो. दोर धरणाऱ्यानं दोर ताणून ठेवायचा. 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. दोर सैल झाला की पाय मोकळा, पाय मोकळा झाला की घोडा उभा, आणि घोडा उभा राहिला की पाडणारा मेला.

गणपत सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे पंचशील म्हणायचा आणि सात वाजता रिंगणात उतरायचा. "जनावराला नाही मारत मी, त्याच्या खोडीला मारतो," असं सांगायचा. घोडा पडल्याशिवाय त्याला नाव ठेवत नसे. तोच हात घरातही चालायचा. त्यांचा मुलगा प्रमोद सहा वर्षांचा असताना एकदा शाळेत जायला नको म्हणून अडून बसला. गणपतनं पोराचा डावा पाय गुडघ्यात दुमडून सुतळीनं बांधला आणि भिंतीशी उभं केलं. दुपारपर्यंत पोरगं एका पायावर. कमलाबाई समोर तांदूळ निवडत होत्या. गाठ त्यांच्या हाताशी होती. पण 'सोड' कुणी म्हणालं नव्हतं.

पुढे चांदणी आली. पांढरी, उंच, डोळ्यांत पाणी असल्यासारखी घोडी. तिला पाडताना काय झालं ते कमलाबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. दोर धरणाऱ्याला घोड्याच्या मनातलं दोरातून कळतं. ओढ असते, झटका असतो, आणि मग एका क्षणी घोडा म्हणतो, बरं. दोरातला जीव मऊ होतो. चांदणी तशी मऊ झाली. "सोडू का?" कमलाबाईंनी विचारलं. "गप धर," गणपत म्हणाला आणि तिच्या तोंडावर चाबकाची मूठ हाणत राहिला. थोड्या वेळानं ती पुन्हा मऊ झाली. पुन्हा नाही सोडलं. तिसऱ्यांदा ती मऊ झाली नाही. ती आतून गेलीच. दोराच्या टोकाला नुसतं वजन उरलं.

त्यानंतर नऊ वर्षं चांदणीसारखी गुणी घोडी नव्हती. लहान पोरं तिच्या पोटाखालून जायची. आणि २००३ साली एका सकाळी गणपत बादली उचलायला वाकला असताना तिनं मागच्या दोन्ही पायांनी त्याच्या छातीचा चुराडा केला. दुसरी लाथ त्याचं डोकं भिंतीशी सापडल्यावर मारली. मग शांतपणे गवत खायला लागली.

"पुरती मोडली नव्हती ती," तेवीस वर्षांचा प्रमोद सुतकातसुद्धा म्हणत होता. "बाबा सांगायचे, आईचा हात ढिला पडतो."

कमलाबाई गप्प राहिल्या. बावीस वर्षं गप्प राहिल्या.

आता प्रमोद बापाचंच काम करत होता. रेसकोर्स बंद झाला, घोडे देशोदेशी पाठवले गेले, आणि क्रांजीच्या टोकाला तान नावाच्या म्हाताऱ्या मालकाच्या तबेल्यात एक काळा कोरा घोडा तेवढा उरला. तीन वर्षांचा. कधी धावला नाही, कुणाला पाठीवर घेतलं नाही. सीमेपलीकडच्या पहांगमधला अझलान नावाचा गुरांच्या रँचचा मालक त्याला घ्यायला तयार होता, पण एका अटीवर. घोड्याचा पाया पक्का हवा. दोर पायात आला तरी बिचकायचं नाही, लगाम जमिनीवर टाकला की तिथंच उभं राहायचं, मागून ओंडका ओढायचा. गुरांमागे पळायचं मी शिकवीन, अझलान म्हणाला होता, पण पाया नसलेला घोडा मला माणसं मारायला नको. प्रमोदला सहा आठवडे मिळाले होते. घोडा पसंत पडला तर त्याच्याबरोबर प्रमोदलाही तिकडे नोकरी. नाही पडला तर सहाव्या शुक्रवारी डॉक्टर मारायची सुई घेऊन येणार. तबेल्याची जागा महिनाअखेर परत द्यायची होती आणि चावरा घोडा फुकटसुद्धा कुणी नेत नव्हतं.

पाच आठवडे गेले. घोडा दर दिवशी मार खायचा आणि दर दिवशी परतफेड करायचा. शनिवारी त्यानं तमिळ मोतद्दाराच्या दंडाचा लचका तोडला. मोतद्दार इस्पितळातूनच घरी गेला, तो आलाच नाही.

रविवारी दुपारी कमलाबाई डबा घेऊन आल्या. नात भावना बरोबर होती, पॉलिटेक्निकला शिकणारी, कानात सदा काहीतरी खुपसलेली. प्रमोदच्या शर्टाच्या खांद्यावर रक्त वाळलं होतं.

"चावला?"

"चावू दे. आज बघतोच." त्यानं डबा बघितलाही नाही. कोपऱ्यातून दोर उचलला. कमलाबाईंनी तो ओळखला. गणपतचा दोर. बावीस वर्षं त्यांना वाटत होतं की तो जाळला. "आई, दोर धर."

"मी? एकाहत्तरी आली माझी."

"ताकद नाही लागत त्याला, तूच सांगायचीस. खांबाला वेढा घाल आणि धर. गुरुवारी माणूस येतोय, आई. आज पडला नाही तर शुक्रवारी मेला."

"Papa, don't lah," भावना इकडच्या इंग्रजीत म्हणाली. "आजीला काय झालं तर?"

"तू बाहेर उभी राहा. आणि तो फोन बंद कर."

कमलाबाईंनी पदर खोचला. हातांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी खांबाला एक वेढा घातला, कठड्याला पाय टेकवला आणि दोर तळव्यांवरच्या त्या पट्ट्यांत जाऊन बसला.

प्रमोदनं फास टाकला. घोडा उधळला, त्याची मागची लाथ फळीवर बसली आणि फळीचे दोन तुकडे उडाले. "ओढ!" कमलाबाईंनी ओढला. काळा पाय वर आला, दुमडला. घोडा तीन पायांवर नाचला, किंचाळला. खिंकाळणं नव्हतं ते. बाई किंचाळावी तसं होतं. प्रमोदनं लगाम मुरगळला. घोड्याचं तोंड उघडं, दात पिवळे, फेसात रक्त. तो गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा आला, आणि मग सगळा एकदम कुशीवर कोसळला तेव्हा कमलाबाईंच्या पायाखालची जमीन हलली. प्रमोद मानेवर चढून बसला. हातातल्या काठीनं घोड्याच्या नाकपुडीवर, डोळ्याखालच्या हाडावर मारायला लागला. प्रत्येक फटक्याबरोबर काहीतरी पुटपुटत होता. कमलाबाईंना शब्द ऐकू आले नाहीत, पण चाल ओळखीची होती, गणपतची.

घोड्यानं पाय खेचला. दोर तळव्यांवरून वीतभर सरकला आणि जुनी कातडी पुन्हा भाजली. पुन्हा खेचला. मग दोर मऊ झाला.

"प्रमोद, आला तो. सोडू का?"

"नाही!"

"आलाय रे. मला कळतंय."

"तुला काय कळतं? चांदणीच्या वेळी सोडलास तसा सोडू नकोस!" काठी पुन्हा खाली आली. घोड्याच्या डोळ्यावरची कातडी फाटली. "बाबांचा जीव घेतलास. माझा घेऊ नकोस. धर!"

कमलाबाईंनी धरला. दोरात पुन्हा ओढ आली, झटका आला, आणि पुन्हा तो मऊ झाला. दुसऱ्यांदा. आता आठवण आली ती चांदणीची नव्हती. भिंतीशी एका पायावर उभ्या पोराची होती. साडेअकराच्या सुमाराला त्याचं थरथरणं थांबलं होतं आणि तो भिंतीकडे बघायला लागला होता. त्यानंतर तो कधी अडून बसला नाही. कधी रडलाही नाही. शहाणा झाला, असं गणपत सगळ्यांना सांगायचा.

त्यांनी वेढा उलगडला आणि दोर सोडून दिला.

पाय मोकळा झाल्याचं घोड्याला एका श्वासापुरतं कळलं नाही. मग तो उठला. प्रमोद मानेवरून भिरकावला गेला, पाठीवर पडला, आणि घोडा त्याच्या अंगावरून गेला. एक टाप वाळूत पडली. दुसरी प्रमोदच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज भावनानंसुद्धा ऐकला. घोडा वळला, कान मागे टाकून पुन्हा आला, आणि कमलाबाई मधे गेल्या. का गेल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घोडा त्यांच्यासमोर मागच्या पायांवर उभा राहिला. पुढच्या टापा त्यांच्या डोक्याशेजारच्या खांबावर आदळल्या आणि खांबाच्या ढलप्या त्यांच्या केसांत अडकल्या. मग तो फिरला, रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथं उभा राहिला, चारही पाय कापत, एका डोळ्यातून रक्त गळत.

"आजी!" भावना रडत फोन करत होती.

प्रमोद वाळूत बसला होता. हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. "सोडलास," तो म्हणाला. "मुद्दाम सोडलास."

"हो," कमलाबाई म्हणाल्या. "आज सोडला. चांदणीचा नव्हता सोडला. तुझे बाबा म्हणत होते 'धर', म्हणून धरून ठेवला होता. ती दोनदा शरण आली, दोनदा धरला. तिला आम्ही शिकवलं की शरण येऊन काही होत नाही. तुलाही तेच शिकवलं."

"मर तू," प्रमोद म्हणाला आणि शुद्ध हरपून आडवा झाला.

सोमवारी सकाळी हाताला पट्ट्या बांधून कमलाबाई यिशुनच्या घरून एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, क्रांजीला आल्या. भावना कॉलेज बुडवून बरोबर आली.

"आजी, फक्त ट्यूसडे, वेन्सडे, थर्सडे. तीन दिवसांत काय होणार?"

"आजचा धर. चार."

"He'll kill you lah."

"मारू दे. त्याला तरी नीट कारण आहे."

त्या कठड्याबाहेर उभ्या राहिल्या. लांब दोराचं टोक घोड्याच्या तोंडावरच्या मोहरकीला अडकवायला त्यांना दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत त्यांच्या मनगटावर दातांची निळी कमान उमटली. मग त्यांनी दोर हलकाच ताणला आणि ताणूनच धरला. घोडा उलटा ओढत राहिला. ओढू दिलं. शेवटी त्यानं मान बोटभर त्यांच्याकडे वळवली, आणि वळवताक्षणी त्यांनी दोर सैल सोडला.

घोडा चक्रावून उभा राहिला.

"बास?" भावना म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच. दोर ओढून घोडा शिकत नाही ग. सोडल्यावर शिकतो. पंचवीस वर्षं हाताला ठाऊक होतं, तोंडाला बोलायची छाती नव्हती."

मंगळवारी दोर पायात टाकला तेव्हा त्यानं लाथ मारली आणि कमलाबाईंच्या नडगीची साल गेली. त्या खाली बसल्या, पाय चोळला, शिव्या घातल्या, त्याही अस्सल गणपतच्या, आणि पुन्हा दोर टाकला. पाय उचलला की सैल. टेकवला की पुन्हा ताण. लगाम आणि ओंडकाही तसाच, सैल सोडून शिकवला. बुधवारी संध्याकाळी दोर चारही पायांत गुंतलेला असताना घोडा उभा राहून लीद टाकत होता. भावनानं त्याचा फोटो काढला. "वॉलपेपर करते," म्हणाली.

गुरुवारी प्रमोद आला. हात प्लास्टरमध्ये, चेहरा सुजलेला. आईशी बोलला नाही. कठड्याला टेकून उभा राहिला. तान मालक लवकरच येऊन खुर्चीत बसला होता.

अझलान पन्नाशीचा, पाय बाकदार, टोपी काखेत धरलेला. कमलाबाईंना त्यानं मकचिक म्हटलं, म्हणजे मावशी, आणि सत्तेचाळीस वर्षांत बाजारात शिकलेल्या मलयमध्ये त्यांनी त्याला घोडा दाखवला. त्यानं स्वतःचा दोर काढला, घोड्याच्या पोटाखालून, मांड्यांमागून, टापांभोवती फिरवला. घोड्याची कातडी थरथरली, पण तो हलला नाही. लगाम जमिनीवर टाकला, अझलान दूर गेला. घोडा उभा. मग ओंडका बांधला. दोर ताणला गेला तेव्हा घोडा थांबला, मागे वळून बघितलं, आणि ओढायला लागला. तान मालकानं टाळी वाजवली.

"तिथपर्यंत नेऊ या," अझलान म्हणाला, आणि दाखवायला म्हणून कठड्याला टेकवलेली काठी सहज उचलली.

प्रमोदची काठी.

घोडा उभ्या जागी उसळला. ओंडका हवेत उडून फळ्यांवर आदळला. अझलानला खांद्यानं आडवं करून तो सरळ कठड्याकडे गेला, जिथं प्रमोद उभा होता. काठी कुणाच्या हातात आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दातांत प्लास्टर सापडलं. प्रमोद ओरडला. कमलाबाईंनी मोहरकीचा, वाळूतून फरफटणारा दोर धरला, तो हातांतून गेला, पट्ट्या फाटून रक्त आलं. पुन्हा धरला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा खांबाला वेढा मारून ताणला. घोड्याची मान वळली, बोटभरच. कमलाबाईंनी लगेच दोर सोडला.

घोडा थांबला. तोंडात प्लास्टरचा तुकडा घेऊन उभा राहिला.

अझलान उठला, कपडे झटकले. काठी गुडघ्यावर मोडून कठड्यापलीकडे फेकली. मग घोड्याच्या जवळ न जाता, वाकून, त्याच्या डोळ्यावरची जखम बराच वेळ बघितली.

"घोडा नेतो," तो म्हणाला. "दोर कळतो याला. बाकीचं मी बघेन."

"आणि मी?" प्रमोदनं विचारलं.

"तुला नेला तर तो तुला मारेल. मी रँचवर गुरं राखू की तुला?" मग तो म्हणाला, "याचं नाव काय?"

मग प्रमोदच खाली बघत म्हणाला, "अजून ठेवलं नाही."

शुक्रवारी डॉक्टरऐवजी ट्रक आला. घोडा चढेना. अझलानच्या माणसानं पुढून ओढलं, तशी मागची लाथ बसून ट्रकचा दिवा फुटला. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा घोडा फळीवरून बाजूला पडता पडता वाचला आणि त्याच्या गुडघ्याची कातडी निघाली. कमलाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. बोटं मिटत नव्हती. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला प्रमोद उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळपासून तिथंच होता.

कमलाबाईंनी दोर ट्रकच्या आतल्या पुढच्या कडीतून ओवून खिडकीतून बाहेर, पलीकडच्या बाजूला काढायला लावला.

"पम्या," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. दोर धर."

तो हलला नाही. मग आला, ट्रकला लांबून वळसा घालून, घोड्याला दिसणार नाही असा. डाव्या हातात दोर घेतला.

"इथनं मला काही दिसत नाही," ट्रकच्या पलीकडून त्याचा आवाज आला.

"दिसायला नकोच. ताण आणि थांब. मारू नकोस, हिसकू नकोस."

दोर ताणला. घोड्यानं मान मागे खेचली, फळीवर टाप आपटली, पुन्हा खेचली. पलीकडे प्रमोद धापा टाकत होता. मिनिट गेलं, दोन गेली. घोड्याचं वजन इवलंसं पुढे आलं.

"आई," प्रमोदनं विचारलं, "सोडू का?"

कमलाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग कडीतला दोर सैल पडला, घोड्याच्या छातीपर्यंत लोंबला, आणि पहिली टाप फळीवर वाजली.